भुऱ्याची शुगर : घरच्या नोंदी

१२ जानेवारी

निदान पक्कं झालं, मधुमेहच आहे. भुऱ्या, नसबंदी झालेला बोका, वय ९ वर्षं, आजचं वजन ५.२ किलो. मागच्या लसीच्या कार्डावर ६.४ लिहिलंय. भूक वाढलेली आणि वजन उतरलेलं, ही जोडी दिसली तेव्हाच शंका आली होती. मग पाण्याचं भांडं मोजून भरायला लागलो, तर दिवसाला ६०० मिलीच्या आसपास पाणी जात होतं. मांजर वजनाच्या किलोमागे १०० मिलीहून जास्त पाणी पीत असेल, तर दवाखाना गाठायलाच हवा.

दवाखान्यात रक्तातली साखर ४१८ आली. (पुढचेही सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत. ज्यांचं मीटर मिलिमोल दाखवतं त्यांनी १८ ने भागावं.) नुसत्या या आकड्यावर डॉक्टरांनी निदान केलं नाही, हे मला फार पटलं. पिंजऱ्यातून आणलेल्या, घाबरलेल्या मांजराची साखर ते ठणठणीत असलं तरी ३०० च्या वर जाऊ शकते. म्हणून फ्रुक्टोसामाइन केलं. रक्तातल्या प्रथिनांना जी साखर चिकटते तिचं हे मोजमाप. त्यातून मागच्या दोनेक आठवड्यांचा हिशोब कळतो, त्या घटकेच्या भीतीमुळे तो बिघडत नाही. तेही बरंच वाढलेलं निघालं. लघवीत साखर भरपूर, आणि कीटोन (इन्सुलिन कमी पडून शरीर चरबी जाळायला लागलं की तयार होणारी आम्लं) पुसट का होईना, पण होते.

चालताना मागच्या पायांच्या टाचा जमिनीला टेकतात, खिडकीवर उडी जमत नाही. नसांवर झालेला परिणाम आहे हा. साखर आटोक्यात राहिली तर बऱ्याच मांजरांचे पाय काही महिन्यांत सुधारतात, असं डॉक्टर म्हणाल्या.

बाबांनी विचारलं, तोंडावाटे द्यायचं औषध नाही का? आहे. बेक्साग्लिफ्लोझिनच्या गोळीला अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये मान्यता मिळाली, तर वेलाग्लिफ्लोझिन या पातळ औषधाला ऑगस्ट २०२३ मध्ये. ही औषधं साखर लघवीवाटे बाहेर काढतात. पण ज्याच्या लघवीत आधीच कीटोन आहेत त्याला ती द्यायची नसतात. त्यावर असताना साखर नॉर्मल दिसूनही रक्त आम्लधर्मी होऊ शकतं, आणि मीटरकडे बघून ते कळत नाही. भुऱ्यासाठी इन्सुलिनच.

१३ जानेवारी

ग्लार्जिन नावाचं इन्सुलिन, माणसांचंच, यू-१००. दर १२ तासांनी १ युनिट. माणसाला ते दिवसातून एकदा पुरतं, मांजराचं शरीर लवकर संपवतं. गंमत म्हणजे मांजराचं इन्सुलिन गायीच्या इन्सुलिनच्या अगदी जवळचं, फरक एकाच अमिनो आम्लाचा. माणसाच्या इन्सुलिनशी चार ठिकाणी फरक आहे, तरी काम होतं.

सिरिंजवर आज बराच वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता. प्राण्यांची काही इन्सुलिनं यू-४० असतात, म्हणजे १ मिलीत ४० युनिट. आमचं १ मिलीत १००. यू-१०० इन्सुलिन यू-४० च्या सिरिंजमध्ये भरलं तर त्याच रेघेपर्यंत अडीचपट डोस जातो. एवढ्याशा जिवाला तो जीवघेणा ठरू शकतो. त्यामुळे घरात एकाच प्रकारच्या सिरिंज ठेवायच्या: यू-१००, ०.३ मिलीच्या, अर्ध्या युनिटच्या रेघा असलेल्या. १ युनिट म्हणजे ०.०१ मिली. एवढ्यात सुईच्या टोकाशी अडकलेला बुडबुडासुद्धा डोस खातो. बाबांनी भिंगाखाली रेघा बघून घेतल्या आणि काळ्या रबराची कुठली कड रेघेवर आणायची ते मला दोनदा विचारलं. सुईकडची कड.

फ्रिजमध्ये, पण दारात नको आणि बर्फाच्या कप्प्याजवळ तर नकोच. गोठलेलं इन्सुलिन टाकून द्यायचं. ग्लार्जिन पाण्यासारखं स्वच्छ असतं. ते हलवायचं नाही, पातळ करायचं नाही, दुसऱ्या इन्सुलिनमध्ये मिसळायचं नाही. बाटलीत ते आम्लात विरघळलेलं असतं, कातडीखाली गेल्यावर त्याचे बारीक कण होतात आणि हळूहळू विरघळत राहतात. पातळ केलं की ही सगळी किमया बिघडते. (दुधी दिसणारी इन्सुलिनं मात्र वापरण्याआधी मिसळावी लागतात. ज्याचं त्याचं लेबल वाचावं.)

१४ जानेवारी

पहिलं इंजेक्शन. सकाळी ७ ची पाळी माझी, संध्याकाळी ७ ची बाबांची. आधी खाणं समोर ठेवायचं, तो खायला लागला की मगच टोचायचं. म्हणजे तो जेवतोय याची खात्री आपोआप होते.

मानेची कातडी जाड, तिथे रक्तपुरवठाही कमी, म्हणून बरगडीच्या बाजूला. दोन बोटांनी कातडी तंबूसारखी उचलायची, सुईचं तिरकं तोंड वर, आणि तंबूच्या तळाशी शरीराला समांतर आत. दुसऱ्या बाजूने सुई बाहेर आली नाही ना, हे खालच्या बोटाला ओलं लागतंय का त्यावरून कळतं. भुऱ्याने मान वर केली नाही, खातच राहिला. रोज जागा थोडी सरकवायची: आज डावी, उद्या उजवी.

१७ जानेवारी

कानातून रक्त घेणं हे इन्सुलिनपेक्षा अवघड काम आहे, म्हणून सविस्तर लिहून ठेवते.

कान आधी गरम करायचा. कोमट पाण्यात पिळलेला कपडा प्लास्टिकच्या पिशवीत घालून अर्धा मिनिट कानाला धरला की कडेची शीर फुगते. कानामागे बॅटरी धरली की ती लाल धाग्यासारखी दिसते. शिरेवर नाही टोचायचं. शीर आणि कानाची कड यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत टोचायचं. कानाच्या आतल्या बाजूला घडी केलेला कापूस, नाहीतर सुई आरपार आपल्या बोटात. टोचण्याआधी व्हॅसलिनचं पुसट बोट फिरवलं तर रक्त केसांत पसरत नाही, मण्यासारखं उभं राहतं. मग मीटरच्या स्ट्रिपचं टोक त्या मण्याला नुसतं लावायचं, रक्त ती स्वतः ओढते. नंतर कापूस दाबून धरायचा, निदान वीस आकडे मोजेपर्यंत, म्हणजे कान काळानिळा पडत नाही. आणि लगेच आवडीचा खाऊ, आकडा आला असो की नसो.

मीटर प्राण्यांसाठीचं घेतलंय. मांजराच्या रक्तात जवळजवळ सगळी साखर प्लाझ्मात असते, माणसाच्या रक्तात तिचा मोठा वाटा लाल पेशींत. त्यामुळे माणसांच्या मीटरवर मांजराचा आकडा सहसा कमी दिसतो. तेही चालतं, पण मग तेच मीटर कायम वापरायचं आणि डॉक्टरांना ते सांगून ठेवायचं. आमच्या मीटरला मांजराचा कोड लावावा लागतो.

२१ जानेवारी

पहिला कर्व्ह, म्हणजे दिवसभरातल्या साखरेचा आलेख. दर दोन तासांनी:

सकाळी ७ – ३८६ (मग खाणं, १ युनिट)
९ – ३४१
११ – २६८
दुपारी १ – २१४
३ – २३२
५ – २९७
संध्याकाळी ७ – ३६२

सकाळचा ३८६ बघून बाबा म्हणाले, "अगं, हे तर होतं तिथेच आहे! डोस दुप्पट कर म्हणावं." डॉक्टरांनी मात्र त्या आकड्याकडे फारसं पाहिलंच नाही. त्यांनी बोट ठेवलं दुपारच्या २१४ वर. इंजेक्शनआधीचा आकडा हा मागच्या डोसचा जोर संपल्यानंतरचा असतो. डोस किती खोल नेतो ते तळावरून, म्हणजे दिवसातल्या सगळ्यात कमी आकड्यावरून कळतं, आणि डोस ठरतो तो तळावरून. त्यांना तळ ८० ते १५० मध्ये हवाय. आमचा तळ अजून वर आहे, पण इन्सुलिन लागू पडतंय, सहाव्या तासाला तळ येतोय आणि बाराव्या तासापर्यंत टिकतंय. आकार चांगला आहे, फक्त सगळा आलेख खाली यायला हवा.

दीड युनिट करायचं, आणि आता निदान आठवडाभर हात लावायचा नाही. ग्लार्जिन कातडीखाली साठत जातं, डोस बदलल्याचा पूर्ण परिणाम दिसायला काही दिवस लागतात. एका दिवसाच्या आकड्यावर वाढवत गेलं तर साठा आणि वाढीव डोस एकदम अंगावर येतात.

वहीत मी तळाच्या आकड्याला लाल गोल करायचं ठरवलंय, म्हणजे बाबांचीही नजर आधी तिकडे जाईल.

२९ जानेवारी

दुसरा कर्व्ह: सकाळी ३२२, तळ १६८, संध्याकाळी ३०५. डोस तोच. पाणी ३८० मिलीवर आलं. साखर साधारण २५० ते २९० च्या वर गेली की मूत्रपिंडांना ती अडवता येत नाही, ती लघवीत उतरते आणि सोबत पाणी ओढून नेते. म्हणजे आता दिवसातला बराच वेळ तो त्या रेषेखाली राहतोय. लिटर ट्रेमधले लघवीचे गोळेही लहान झालेत. स्ट्रिप न लावता मिळणारी ही माहिती रोज लिहायची.

३ फेब्रुवारी

संध्याकाळी भुऱ्या ऐनवेळी वळला आणि केस ओले लागले. किती आत गेलं आणि किती केसांवर, हे कळायला मार्ग नाही. अशा वेळी दुसरा डोस द्यायचा नाही. एक वेळ साखर जास्त राहिली तर निभावतं, दुप्पट डोस निभावत नाही.

६ फेब्रुवारी

आता खाणं बदलायचं. दोन गोष्टी एकदम बदलायच्या नाहीत, म्हणून इतके दिवस थांबलो होतो.

कोरड्या दाण्यांच्या पाकिटावर कर्बोदकं लिहिलेलीच नसतात, काढावी लागतात. १०० मधून प्रथिनं, मेद, तंतू, पाणी आणि राख (म्हणजे खनिजं) वजा करायची. आमच्या दाण्यांचं: ३२, १२, ३, ९ आणि ७.५ वजा जाऊन ३६.५ उरले. आता कॅलरी: प्रथिनं आणि कर्बोदकं ग्रॅमला ३.५, मेद ८.५. एकूण ३४२, त्यातल्या १२८ कर्बोदकांच्या. म्हणजे जवळपास ३७ टक्के. ओल्या डब्याचं: प्रथिनं ११, मेद ६, तंतू ०.५, पाणी ७९, राख २; कर्बोदकं उरली १.५. कॅलरी ९५, त्यांतल्या ५ कर्बोदकांच्या, म्हणजे साडेपाच टक्के. डॉक्टरांनी १२ टक्क्यांच्या आत सांगितलंय. मांजर पूर्ण मांसाहारी प्राणी. पिठूळ खाणं पचवायची त्याची तयारी मुळात तोकडी. ३७ टक्के आणि साडेपाच टक्के हे दोन आकडे शेजारी लिहिल्यावर मला वेगळं पटवून घ्यावं लागलं नाही.

बदल हळूहळू, रोज थोडा. आणि उपास घडू द्यायचा नाही. स्थूल मांजर दोनतीन दिवस जेवलं नाही तरी त्याच्या यकृतात चरबी साठून ते गंभीर आजारी पडू शकतं.

खाण्यातली कर्बोदकं कमी झाली की तोच डोस जड पडू शकतो, म्हणून या काळात मोजमाप वाढवायचं: रोज दुपारी एक आकडा.

१५ फेब्रुवारी

दुपारी १ वाजता ६१.

भुऱ्या नेहमीसारखा दिसत होता: चाल सरळ, डोळे जागेवर, हाक मारल्यावर शेपटी हलली. ६० च्या आसपासचा आकडा मात्र लक्षणांची वाट बघत बसण्याचा नाही. लगेच खाणं ठेवलं. दाण्यांची मूठ या कामासाठी मुद्दाम राखून ठेवलीय, कारण इथे कर्बोदकंच हवीत. वीस मिनिटांनी ७४. पुन्हा थोडे दाणे. पाऊण तासाने ९८. दोन वाजता १२१. डॉक्टरांशी फोनवर बोलणं चालूच होतं.

अडखळत चालणं, भलतीच भूक, शून्यात बघणं, थरथर, झटके ही सगळी साखर उतरल्याची लक्षणं. खात नसेल तर मध किंवा ग्लुकोजचं सिरप बोटाने हिरड्यांना चोळायचं. झटके येत असताना तोंडात काही ओतायचं नाही, ते श्वासनलिकेत जाईल. बोटही दातांमध्ये घालायचं नाही. हिरडीला बाहेरून चोळायचं आणि तसंच दवाखान्यात न्यायचं. मधाची छोटी बाटली आता मीटरच्या डब्यातच असते.

संध्याकाळी ७ ला १८९. एरवीचा तीनशेचा आकडा आज नव्हता, म्हणून परस्पर टोचलं नाही, आधी फोन केला. आजपासून १ युनिट.

१६ फेब्रुवारी

तळ ११२. ठीक.

२७ फेब्रुवारी

चारेक दिवस आकडे चढते आहेत. इंजेक्शनआधी ३३०, ३४८, तळ २२० ला अडकलाय. खाणं तेच, डोस तोच, बाटली स्वच्छ. आज सकाळी तर वाटीला तोंड लावून बाजूला झाला.

न खाणाऱ्या मधुमेही मांजराला पूर्ण डोस द्यायचा नाही. पण तो बंद करणंही धोक्याचं, कारण इन्सुलिन अजिबात नसेल तर कीटोन वाढतात. हा निर्णय घरी घ्यायचा नसतो. फोन केला, त्यांनी अर्धा डोस सांगितला आणि लघवीतले कीटोन बघायला सांगितले. जुनी लांब दांड्याची पळी या कामासाठी बाजूला काढलीय: तो ट्रेमध्ये बसला की मागून हळूच पुढे सरकवायची. कीटोनची स्ट्रिप बुडवली, पाकिटावर लिहिलेली सेकंदं मोजली. कीटोन नाहीत. आले असते, आणि सोबत उलट्या किंवा सुस्ती असती, तर थेट दवाखाना, रात्र असली तरी.

बाबांचा सूर पुन्हा डोस वाढवण्याकडे. डॉक्टर म्हणाल्या, आधी तोंड बघू. चाललेला डोस अचानक पुरेनासा झाला की शरीरात कुठेतरी सूज किंवा संसर्ग आहे का ते बघायचं: दात, मूत्राशय, स्वादुपिंड. डोस वाढतच जातो तरी तळ खाली येत नाही, अशा मांजरांत वाढीच्या संप्रेरकाचा अतिरेकही तपासतात. भुऱ्याच्या मागच्या दाढेपाशी हिरडी लालभडक, हात लावू देत नाही.

११ मार्च

दाढ काढली. भूल द्यायची म्हणून त्या सकाळचा डोस किती आणि खाणं कधी बंद करायचं ते डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. वेदनेसाठी स्टेरॉइड द्यायचं नाही हे त्यांच्या डोक्यात होतंच, तरी मी पुन्हा विचारून घेतलं. स्टेरॉइडने मांजराची साखर चढते, कधी मधुमेहच सुरू होतो. कार्डावर लाल अक्षरांत लिहून घेतलंय, म्हणजे दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात जायची वेळ आली तरी दिसेल.

१८ मार्च

डोस न वाढवता तळ ११८, सकाळी २३६. आकडे चढले ते दाढेमुळे. इन्सुलिन वाढवलं असतं तर दाढ काढल्यावर तो नको तितका खाली गेला असता.

आज खांद्याजवळचे केस काढून माणसांसाठीचा सेन्सर बसवला. तो रक्तातली नाही, कातडीखालच्या द्रवातली साखर मोजतो, त्यामुळे साखर वेगाने बदलत असताना काही मिनिटं मागे असतो. फार कमी आकडा दिसला तर कानातून पडताळायचा. पण रात्रीचा आलेख दुसरं कोण दाखवणार?

२४ मार्च

सेन्सर निघाला. नावाला १४ दिवसांचा, मांजराच्या अंगावर बऱ्याचदा तितका टिकत नाही. तरी जे हवं होतं ते मिळालं: रात्रीचा तळ दिवसाच्या तळाहून खाली, पहाटे एकच्या सुमारास ७८ ते ८५. आमचे सगळे कर्व्ह दिवसाचे, ही बाजू कधी दिसलीच नसती. डॉक्टरांनी डोस अर्ध्या युनिटवर आणला. अर्धा युनिट म्हणजे ०.००५ मिली. बाबांचं भिंग आता सिरिंजच्या डब्यातच राहतं.

९ एप्रिल

वजन ५.५, पाणी १६० मिली. वजन आता इथून फार वाढू द्यायचं नाही, स्थूल शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. मागच्या टाचा उचलल्या जातायत. खुर्चीवर उडी, तिथून खिडकी. बाबांनी खुर्ची त्यासाठीच सरकवून ठेवलीय.

२६ एप्रिल

अर्ध्या युनिटवर इंजेक्शनआधी १४० ते १६५, तळ ९० ते ११०. फ्रुक्टोसामाइन नॉर्मल.

बाबांनी विचारलं, आता बंद? डॉक्टरांनी अजून दोन आठवडे थांबायला सांगितलं. साखर दीर्घकाळ चढी राहिली की ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन करणाऱ्या पेशींनाच थकवते. त्यांना विसावा मिळतोय तो लवकर काढून घ्यायचा नाही. आकडे असेच राहिले तर इन्सुलिन थांबवून बघायचं. त्यानंतर सलग चार आठवडे साखर नॉर्मल राहिली, तर मधुमेह मागे हटला असं म्हणायचं. तो कायमचा गेला असं नव्हे, परत येऊ शकतो. म्हणून खाणं हेच राहील आणि कानातून आठवड्याला एकदा तरी आकडा घ्यायचा. थांबवल्यावर आकडे २०० च्या वर जायला लागले तर वाट बघायची नाही, त्याच दिवशी फोन आणि पुन्हा अर्धा युनिट.

पुढचा कर्व्ह शनिवारी. सकाळी ७ ची स्ट्रिप बाबा लावणार आहेत, कान धरायला ते आता शिकलेत.